वडिलांच्या डिस्चार्ज बुकात ७१ ची पदकंच नाहीत. आता नोंद करून घेता येते का?

उसाचा_मळा
नमस्कार मंडळी. इथं फौजी घरातले बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय.

वडील १९६२ च्या डिसेंबरात भरती झाले. चीनच्या लढाईनंतर मोठी भरती निघाली होती, त्यातले. जून १९७२ मध्ये घरी शेती बघायला कुणी उरलं नाही म्हणून स्वतः अर्ज करून नाव काटून, म्हणजे नोकरी सोडून आले. साडेनऊ वर्षं नोकरी, त्यामुळे पेन्शन नाही. ६५ ला पंजाबात होते, ७१ ला मेघालयातून पूर्व पाकिस्तानात घुसलेल्या फौजेत. रेजिमेंटचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

गावात माजी सैनिकांच्या नावांचा फलक लावायचं ठरलंय. नावापुढे पदकंही कोरणार. समितीनं सांगितलं, डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळणाऱ्या नोंदपुस्तकात, जे लिहिलंय तेवढंच कोरणार. त्यांचंही बरोबर आहे, नाहीतर उद्या कुणीही काहीही सांगेल. वडिलांचं बुक उघडलं तर समर सेवा स्टार, रक्षा मेडल, सैन्य सेवा मेडल एवढंच. ७१ चं काही नाही. शेजारच्या गावातले एक काका वडिलांच्याच कंपनीत होते, ते १९७८ ला पेन्शनवर आले. त्यांच्या बुकात पूर्वी स्टार आहे, संग्राम मेडल आहे. दोघं एकाच खंदकात झोपलेले.

वडील म्हणतात, "मेडल लावून उसाला पाणी पाजू का आता?" पण फलकाचा विषय निघाला की उठून गोठ्याकडं जातात.

इतक्या वर्षांनी हे होतं का? अर्ज कुठं करायचा? कुणी केलंय का?

चहाटळ
काकांना कडक सलाम. वाचनखूण साठवली आहे.

खडकीकर
जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. डिस्चार्ज बुक, आधार, फोटो घेऊन जा. अर्ज तेच पुढं पाठवतात, आणि त्यांचा शिक्का असला की समोरचा जरा लवकर बघतो.

प्राजक्ता_जे
खडकीकर यांच्याशी सहमत, पण नुसतं त्यांच्या भरवशावर बसू नका. आमच्या सासऱ्यांच्या वेळी (नौदल) अर्ज पाठवला आणि सगळे वाट बघत बसले. शेवटी नणदेनं थेट पत्रव्यवहार सुरू केला तेव्हा कुठं हललं.

आणि एक सांगते, आधी नाव तपासा. आमचं सगळं नावावरच अडलं होतं. भरतीच्या वेळी लिहून घेणारा पंजाबी की मद्रासी, कोण जाणे. ज्ञानदेवचं 'दयानदेव' झालं, वडिलांचं नाव आडनावाच्या जागी गेलं आणि आडनाव उडालंच. त्यांनी तीस वर्षं त्याच नावानं पगार घेतला, काही बिघडलं नाही. आधार कार्डावर मात्र व्यवस्थित तिन्ही नावं. आता दयानदेव तुकाराम आणि ज्ञानदेव तुकाराम अमुकतमुक हा एकच माणूस, हे कोण सिद्ध करणार? प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, डिस्चार्ज बुकातल्या ओळखीच्या खुणा (डाव्या भुवईवर व्रण!) असं सगळं जोडावं लागलं. सासरे आरशासमोर भुवई वर करून व्रण शोधत होते. ऐंशीव्या वर्षी तो सुरकुतीत हरवलेला.

चहाटळ
व्रण सापडला का पण?

प्राजक्ता_जे
सापडला. उजव्या भुवईवर. तेही भरतीच्या वेळी चुकीचंच लिहिलेलं.

कारकून_पलटणीचा
मी फौजेत क्लार्क होतो, नोकरीची शेवटची काही वर्षं याच कागदांत गेली. जरा सविस्तर लिहितो.

'पदक राहिलं' असं लोक म्हणतात तेव्हा त्यात तीन वेगळे प्रकार असतात. आपला कोणता ते आधी ओळखा, नाहीतर अर्ज चुकीच्या टेबलावर फिरत राहतो.

एक, हक्क आहे आणि नोंदही झालेली आहे, पण डिस्चार्ज बुकात उतरवायची राहिली. हे सगळ्यात सोपं. पलटणीत जवानाबाबत जे काही घडतं, म्हणजे लग्न, मूल, कोर्स, शिक्षा, पदक, त्याची पार्ट टू ऑर्डर निघते. ती रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथं शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रावर चढते. डिस्चार्ज बुक म्हणजे त्यातला निवडक उतारा. शीट रोलवर असेल तर बुकात दुरुस्ती करून मिळते.

दोन, हक्क आहे पण पार्ट टू ऑर्डरच निघाली नाही. जवान दवाखान्यात होता, कोर्सला होता, दुसऱ्या युनिटला अटॅच होता. मूळ पलटणीनं वाटलं तिकडचे घालतील, तिकडच्यांना वाटलं इकडचे. इथं पुरावा द्यावा लागतो की त्या तारखांना माणूस त्या क्षेत्रात होता.

तीन, पदक मंजूरच झालेलं नाही. शौर्यपदकाच्या बाबतीत हे फार ऐकू येतं. ते या रस्त्यानं होत नाही.

आता उसाचा_मळा, तुमचं. मला वाटतं यात कुणाची चूकसुद्धा नसावी. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही पदकं सुरूच झाली १९७३ मध्ये. तुमचे वडील जून ७२ ला घरी. त्यांचं बुक बंद झालं तेव्हा ही पदकं अस्तित्वातच नव्हती, मग लिहिणार कसं? जे नोकरीत राहिले त्यांच्या बुकात आपोआप चढली. जे मधल्या काळात बाहेर पडले त्यांना मागून अर्ज करून घ्यायची होती, पण गावाकडं कुणाला कळणार? ६५ चं बघा. समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल जाहीर झाली जानेवारी १९६७ ला. वडील तेव्हा नोकरीत, म्हणून ती बुकात आहेत. हाच फरक.

उसाचा_मळा
हे आजवर आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मग मला काढलं नव्हतं तर." इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की मधेच नाव काटून आले म्हणून मुद्दाम गाळलं.

शिलेदार_नाममात्र
स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पण एक मेडल होतं ना? तेही मागा एकाच अर्जात.

कारकून_पलटणीचा
नाही, ते मिळणार नाही. त्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असायला हवं. हे जूनमध्ये आले. ज्याचा हक्क नाही ते अर्जात घातलं की बघणारा बाकीच्याकडंही संशयानं बघतो. दोनच मागा.

तिरपा_चष्मा
राग मानू नका, पण एवढी यातायात कशासाठी? या पदकांना एक रुपया भत्ता नाही. ८१ वर्षांच्या माणसाला घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या चढायच्या, कशाला? फलकावर समितीला सांगून '१९७१ च्या युद्धात सहभाग' असं कोरून घ्या. विषय संपला.

काळा_कोट
तिरपा_चष्मा, पैशाचं तुमचं बरोबर आहे. मासिक भत्ता शौर्यपदकांना आहे. परमवीर चक्राला २०,०००, महावीर चक्राला १०,०००, वीर चक्राला ७,०००, शौर्यासाठीच्या सेना मेडलला २,०००, असे ऑगस्ट २०१७ पासूनचे दर आहेत. मोहिमेच्या पदकांना काही नाही. पण म्हणून नोंद नसली तरी चालेल, हे कसं? सहभाग होता हे तरी समितीनं कशावरून मान्य करायचं? पुन्हा कागदच लागणार.

शिलेदार_नाममात्र
+१. आणि पायऱ्या चढायच्या नाहीतच, टपालानं होतं.

तिरपा_चष्मा
बरं बाबा. माझे वडील एसटीत होते. त्यांना अपघातविरहित सेवेचा बिल्ला मिळाला होता, तो आईनं भांडीवालीला दिला. आमच्या घरात या बाबतीत एवढीच संस्कृती.

चहाटळ
बिल्ल्यावर काय आलं? पातेलं की डबा?

तिरपा_चष्मा
गाळणी.

गोंयचो_पाव
आमच्याकडची गोष्ट. मावशीचे यजमान मूळ सावंतवाडीकडचे, १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात आलेल्या फौजेत होते. पुढं गोव्यातच जावई झाले, म्हणजे मुक्त करायला आले आणि स्वतः अडकले, असं ते सांगायचे. त्यांच्याकडं जनरल सर्व्हिस मेडल होतं, पण पट्टी नागा हिल्सची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९४७ च्या या मेडलवर मोहिमेनुसार आडवी पट्टी, म्हणजे क्लास्प लावतात. जम्मू-काश्मीर, नागा हिल्स, गोवा १९६१, लडाख १९६२, नेफा (आताचा अरुणाचल) १९६२ अशा. मेडल एकदाच मिळतं, दुसऱ्या मोहिमेला नुसती पट्टी वाढते. त्यांची गोव्याची पट्टी नव्हती. आणि राहायला गोव्यात! दर १९ डिसेंबरला मेडल लावून कार्यक्रमाला जायचे आणि दरवर्षी कुणीतरी विचारायचं, "तुमी गोंयांत आयिल्ले मू? मागीर हांगा नागा हिल्स कित्याक?"

शीट रोलवर पट्टीची नोंद होती, बुकातही होती. वस्तूच पोचली नव्हती. म्हणजे कारकूनसाहेबांच्या तीन प्रकारांत चौथा धरा: नोंद आहे, पदक हातात नाही.

कारकून_पलटणीचा
बरोबर, चौथा धरू. आणि तोच सगळ्यात जास्त. नोंद होते, वस्तू वर्षानुवर्षं येत नाही. परेडला छातीवर तर हवं, मग जवान कॅन्टोन्मेंटच्या बाजारातून विकत घेतात. निम्म्या फौजींच्या घरातल्या चौकटीत बाजारातलीच पदकं असतील, आणि त्यात काही गैर नाही. ओळखायचं असेल तर पदक आडवं धरून कडेकडं बघा. सरकारी पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव बारीक अक्षरात कोरलेलं असतं. ताऱ्याच्या आकाराचं पदक (स्टार) असेल तर मागच्या बाजूला बघा. बाजारातलं गुळगुळीत.

प्राजक्ता_जे
आत्ताच उठून बघितलं. सात पैकी दोन कोरलेली, बाकी गुळगुळीत. आणि कोरलेल्यांवर नाव 'दयानदेव'.

ओहायोकर
इकडची पद्धत सांगतो, तुलना म्हणून. आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, कोरियन युद्धातले. त्यांचे कागद मी भरून दिले, कारण त्यांना दिसत नाही आणि मला फॉर्म भरायची हौस आहे.

अमेरिकेत सैन्यातून बाहेर पडताना डीडी-२१४ नावाचा कागद मिळतो, तोच तुमचा डिस्चार्ज बुक. त्यात पदक राहिलं असेल तर मूळ कागद बदलत नाहीत. डीडी-२१५ नावाचा दुरुस्तीचा कागद काढून जोडतात. साधी चूक असेल तर सेंट लुईसच्या अभिलेख केंद्राकडं अर्ज करून भागतं. तिथं नाही म्हटलं तर डीडी-१४९ भरून त्या त्या दलाच्या दुरुस्ती मंडळाकडं जायचं. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, पण न्यायासाठी गरज वाटली तर मंडळ ती माफ करतं.

खरी गंमत पुढं. १२ जुलै १९७३ ला त्या केंद्राला आग लागली आणि दीड कोटीहून जास्त सैनिकांच्या फायली जळाल्या. १९१२ ते १९६० मध्ये सैन्यातून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ८० टक्के. आमच्या आजोबांची त्यातच. मग केंद्रानं पगारपत्रकं, युनिटचे सकाळचे हजेरी अहवाल असं कुठकुठून जमवून नोंद पुन्हा उभी केली. त्यांना पदकं मिळाली. सांगायचा मुद्दा, मूळ फाईल नसली तरी आजूबाजूच्या कागदांवरून माणूस उभा करता येतो.

आजोबांना मी भारतीय म्हटल्यावर पहिलं वाक्य काय, तर "तुमच्या डॉक्टरांनी आमचे पाय वाचवले." कोरियात आपली ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स होती. त्याचीही जनरल सर्व्हिस मेडलवर पट्टी आहे, गोंयचो_पाव यांच्या यादीत घालायची राहिली.

गोंयचो_पाव
घातली. ओव्हरसीज कोरिया १९५०-५३.

पानशेतपूर्व
ओहायोकरांच्या आगीवरून आठवलं म्हणून विचारतो, आणि धागाकर्त्यांना घाबरवायचा हेतू नाही. पेन्शन नसलेल्या जवानांचे कागद आपल्याकडं २५ वर्षांनी नष्ट करतात असं ऐकलंय. १९७२ अधिक २५ म्हणजे १९९७. मग शीट रोल शिल्लक असेल का?

काळा_कोट
ऐकलेलं बरोबर आहे. लष्कराच्या नियमावलीत, परिच्छेद ५९५, बिनपेन्शनवाल्यांचे सेवा-कागद २५ वर्षं ठेवायचे असं आहे. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या कितीतरी निकालांत 'कागद नियमानुसार नष्ट' हे वाक्य येतं. पण त्याच निकालांत पुढं बहुतेक वेळा 'लाँग रोलवरून असं दिसतं की' हेही येतं.

कारकून_पलटणीचा
लाँग रोल म्हणजे भरतीच्या क्रमानं लिहिलेली मोठी नोंदवही. प्रत्येकाची एक ओळ: नंबर, नाव, गाव, भरती, डिस्चार्ज, कारण. ती नष्ट करत नाहीत. पण तिच्यात ७१ ला माणूस कुठं होता ते मिळायचं नाही. म्हणून उसाचा_मळा, तुमच्याकडचं बुक हाच आता सगळ्यात मोठा पुरावा समजा. त्यात युनिटचं नाव आणि तारखा आहेत ना? त्या तारखांना ती पलटण पूर्व आघाडीवर होती हे जगजाहीर असेल, तर माणूस पलटणीबरोबर होता एवढंच दाखवायचं राहतं.

त्यासाठी घरात शोधा: जुनी पत्रं, फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेली आंतर्देशीय पत्रं, मनी ऑर्डरच्या पावत्या, कंपनीचा फोटो. शेजारच्या गावच्या काकांचं प्रतिज्ञापत्र घ्या, त्यांच्या बुकाच्या प्रतीसह. एकाच कंपनीतला, पदक मिळालेला साक्षीदार. याहून चांगलं काय हवं?

शिलेदार_नाममात्र
माहितीच्या अधिकारात मागवा की सगळं. दहा रुपयांत काम.

पानशेतपूर्व
सैन्याला माहितीचा अधिकार लागू नाही.

काळा_कोट
लागू आहे. कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ज्या संघटना वगळल्या आहेत त्यांत बीएसएफ, सीआरपीएफ, आसाम रायफल्स वगैरे आहेत. भूदल, नौदल, वायुदल त्या यादीत नाहीत. सुरक्षेशी संबंधित माहिती कलम ८ खाली नाकारू शकतात, पण स्वतःच्या नोंदींची प्रत हा वेगळा विषय. अर्ज वडिलांच्या सहीनं करा. मुलानं वडिलांची माहिती मागितली की 'तिसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती' म्हणून परत येते, आणि मग इथं येऊन लोक सरकारला शिव्या देतात.

अर्जात 'माझ्या वडिलांना न्याय द्या' असलं लिहू नका. चारच गोष्टी मागा: शीट रोलची प्रत, लाँग रोलमधल्या नोंदीची प्रत, पदकांबाबतच्या पार्ट टू ऑर्डर असल्यास त्या, आणि कागद नष्ट केले असतील तर ते कधी नि कोणत्या आदेशानं. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील.

निळी_शाई
माझ्या आजोबांचं वेगळं आहे. ६५ मध्ये त्यांच्या कंपनी कमांडरनं वीर चक्रासाठी नाव पाठवलं होतं असं ते शेवटपर्यंत सांगायचे. साहेब नंतर त्याच लढाईत गेले. नाव पुढं सरकलंच नाही. हे आता मिळवता येईल का?

कारकून_पलटणीचा
स्पष्टच लिहितो, नाही. शौर्यपदक नोंदीतली चूक दुरुस्त करून मिळत नाही. त्याला शिफारस लागते, ती ठरलेल्या मुदतीत वर जावी लागते, प्रत्येक पायरीवर मान्य व्हावी लागते, राष्ट्रपतींची मंजुरी आणि मग राजपत्र. राजपत्रात नाव असून बुकात नसेल तर दुरुस्ती होईल. राजपत्रातच नसेल तर दुरुस्त करायला काही नाही.

निळी_शाई
पण अन्याय तर झालाच ना.

कारकून_पलटणीचा
झाला असेल. असे खूप आहेत. तुम्ही एक करू शकता: पलटणीच्या इतिहासात किंवा युद्ध-डायरीत त्या लढाईचं वर्णन आहे का ते बघा. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं जुन्या नोंदी साधारण २५ वर्षांनी खुल्या करण्याचं धोरण जाहीर केलं आहे, युद्ध-डायऱ्या इतिहास विभागाकडं जातात. पलटणीच्या स्थापना दिनाला माजी सैनिकांच्या घरच्यांना बोलावतात, तिथं जाऊन सुभेदार मेजरना भेटा. जुने लोक सांगतात, पलटणीतले लिहूनही ठेवतात. चक्र मिळणार नाही, आजोबांचं नाव लढाईच्या वर्णनात येऊ शकेल.

निळी_शाई
बरं. स्थापना दिन कधी असतो ते विचारते.

खडकीकर
मूळ मुद्द्यावर येतो. कोणाचा अर्ज कुठल्या रेकॉर्ड ऑफिसला, याची यादी इथंच राहू दे, पुढच्यांना उपयोगी: मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार सागर, मध्य प्रदेश, बॉम्बे सॅपर्स आमच्या खडकीला, तोफखाना नाशिक रोड, रणगाडेवाले अहिल्यानगर, सिग्नल्स जबलपूर, ईएमई सिकंदराबाद, नौसैनिक मानखुर्दचं चीता कॅम्प. पाकिटावर 'पदक विभाग' असं लिहा म्हणजे पेन्शनच्या ढिगाऱ्यात जात नाही.

पानशेतपूर्व
ढिगाऱ्यावरून: बरेच लोक पीपीओची (पेन्शन पेमेंट ऑर्डर) दुरुस्ती आणि डिस्चार्ज बुकाची दुरुस्ती यात घोळ करतात. पीपीओ पेन्शनचा, त्याचा सुधारित आदेश वेगळीकडून निघतो, 'स्पर्श' या पेन्शनच्या पोर्टलवर दिसतो. पदकाचा त्याच्याशी संबंध नाही. आमच्या चुलत्यांनी संग्राम मेडलसाठी बँकेत अर्ज दिला होता. बँकेनं पोचही दिली!

चहाटळ
व्याज किती सांगितलं मेडलवर?

काळा_कोट
एक अपवाद लक्षात ठेवा. जखमेचं पदक, म्हणजे पराक्रम पदक. त्याला स्वतःला पैसे नाहीत, पण ज्या नोंदीवरून ते मिळतं ती, म्हणजे युद्धात जखमी झाल्याची बॅटल कॅज्युअल्टीची नोंद, युद्धजखमेच्या पेन्शनच्या मुळाशी असते. ज्यांच्या घरी कुणी गोळी किंवा छर्रा लागलेलं आहे आणि बुकात नुसतं 'दवाखान्यात दाखल' लिहिलंय, त्यांनी आळस करू नका. तिथं दुरुस्तीला पैशात अर्थ आहे. पेन्शनचा दावा दर महिन्याला नव्यानं उभा राहतो, हे तरसेम सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये मान्य केलं आहे. उशीर झाला तरी साधारणपणे मागची तीन वर्षं मिळतात.

नुसत्या पदकासाठी न्यायाधिकरणात (मुंबईला खंडपीठ आहे) जायची वेळ आली, तर आधी विभागाकडं लेखी अर्ज आणि त्याचं लेखी उत्तर हातात हवं. नकारानंतर सहा महिन्यांची मुदत असते. म्हणून नकार आला तर कंटाळून फेकू नका, तारखेसकट जपा. वकिलाला पहिला तोच कागद लागतो.

उसाचा_मळा
बरंच पुढं सरकलंय, म्हणून लिहितो.

काकांनी प्रतिज्ञापत्र दिलं. तहसीलदार कार्यालयाबाहेर टायपिंगवाल्यानं विचारलं, "अर्जदार कोणत्या तारखेला कुठं होते असं लिहू?" काकांनी तारखांसकट सगळा रस्ता सांगितला, नद्यांच्या नावासकट. वडील मधेच म्हणाले, "तो पूल नव्हता, नावा होत्या." पाचेक मिनिटं दोघांचं भांडण. टायपिंगवाला थांबून ऐकत राहिला, पैसे निम्मेच घेतले.

ट्रंकेत आईला आलेली दोन आंतर्देशीय पत्रं निघाली, शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर वाचता येतो. एकात युद्धाचं चकार शब्द नाही, बैल विकू नका एवढंच आहे. तारीख मात्र २८ डिसेंबर १९७१.

माहितीच्या अधिकाराला उत्तर आलं. शीट रोल नष्ट, लाँग रोलची प्रत जोडली आहे. आणि खाली एक ओळ: पदकांच्या दाव्यासाठी मूळ डिस्चार्ज बुक पाठवावे. आता हे बुक टपालात टाकायचं का?

कारकून_पलटणीचा
लाँग रोल आलं म्हणजे नंबर, नाव, डिस्चार्जची तारीख पक्की झाली. पत्रं तर उत्तम.

बुकाचं ऐका. नोंद चढवायला त्यांना मूळ बुक खरंच लागतं, दुरुस्ती त्यातच शाईनं करून शिक्का मारतात. पण आत्ता नाही. आधी साक्षांकित प्रती पाठवा आणि लिहा की दावा मंजूर झाल्यावर मूळ बुक नोंदीसाठी सादर करू. मंजुरीचं पत्र आलं की कुणीतरी स्वतः घेऊन जा किंवा जिल्हा कार्यालयामार्फत पोच घेऊन पाठवा. प्रत्येक पान रंगीत स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा.

प्राजक्ता_जे
कोरी पानंसुद्धा, हे अगदी खरं. आमच्या एका 'कोऱ्या' पानावर पेन्सिलनं ब्लड ग्रुप आणि कोर्सचा नंबर होता, तोच कामाला आला.

तिरपा_चष्मा
मी वर कशाला म्हणून विचारलं होतं. तो टायपिंगवाल्याचा प्रसंग वाचून उत्तर मिळालं. फलकाचं काय झालं पण? समिती थांबतेय का?

उसाचा_मळा
मंजुरीपर्यंत थांबत नाहीत, २६ जानेवारीला अनावरण आहे. पण सरपंचांनी तोडगा काढला. वडिलांच्या नावाखाली एका ओळीची जागा कोरी ठेवणार. गवंड्यानं विचारलं, कोरी जागा का, तर सरपंच म्हणाले, "सरकारी टपाल यायचंय."

चहाटळ
गवंड्याला ॲडव्हान्स देऊन ठेवा, तोपर्यंत दर वाढतील.

खडकीकर
कोरताना क्रम बघा. पदकं ठराविक ज्येष्ठतेनं लावतात तशीच लिहा. कारकूनसाहेब सांगतीलच.

कारकून_पलटणीचा
सांगतो, व्यक्तिगत निरोप केलाय.

रडारवाला
उशिरा आलो. वायुदलासाठी हीच पद्धत का? मामा १९७२ च्या मार्चमध्ये बाहेर पडले, त्यांचंही ७१ चं काही नाही. म्हणजे हेच कारण दिसतंय.

कारकून_पलटणीचा
कारण हेच असणार. पद्धत तीच, पत्ता वेगळा: वायुसेना रेकॉर्ड ऑफिस, सुब्रतो पार्क, नवी दिल्ली. मामा त्या वेळी कोणत्या स्टेशनवर होते ते आधी विचारा, पूर्वी की पश्चिमी ते त्यावर ठरेल. आणि नाव तपासा. प्राजक्ताताईंचा प्रतिसाद पहिला वाचा, मग माझा.